टंचाईचा कंद : इंदापूरचा दुष्काळ, नीरेचे पाणी आणि गोठ्यापर्यंत आलेले बीट

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात एका कंदाचे नाव चुकून बदलले. जर्मन शेतकरी गुरांसाठी जे जाडजूड बीट लावत, त्याला ते ‘मांगोल्ड’ म्हणत. मांगोल्ड म्हणजे बीट. ऐकणाऱ्यांनी ते ‘मांगेल’ असे ऐकले, आणि मांगेल म्हणजे टंचाई. १७८० च्या दशकात आबे द कोमरेल या फ्रेंच धर्मगुरूने या पिकाचा हिरिरीने पुरस्कार केला, तेव्हा फ्रान्समध्ये त्याचे नाव पडले ‘टंचाईचे मूळ’. पुढे लंडनचे डॉक्टर लेट्सम यांनी कोमरेलची पुस्तिका इंग्रजीत आणली आणि इंग्रजांनीही तेच नाव उचलले. एका अक्षराच्या गफलतीतून आलेले हे नाव कंदाला मात्र शोभले. हिवाळ्यात गवत संपले की गुरांना जगवायचे, हेच त्याचे काम होते.

सव्वादोनशे वर्षांनी याच कुळातला एक कंद पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात आला. तो आला होता साखर आणि इथेनॉल यांच्या कामासाठी. टंचाईचे काम त्याच्या वाट्याला नंतर आले. प्रस्तुत धागा त्या उलट्या प्रवासाचा आहे. पण कंदाकडे वळण्यापूर्वी ही भूमी पाहिली पाहिजे. कारण गाईच्या दावणीत काय पडते, हे बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत नेहमीच पाण्याने, सारापट्टीने आणि कारखान्याने ठरवले आहे.

नकाशा उघडावा. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा. दोन्ही नद्या नरसिंहपूरजवळ एकमेकींना मिळतात आणि त्यांच्या मधल्या पाचरीत इंदापूर बसले आहे. पाचर पश्चिमेकडे रुंदावते तिथे बारामती. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईपर्यंत जवळजवळ रिता झालेला असतो. वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. दोन बाजूंना वाहत्या नद्या आणि मध्ये कोरडे माळ, असा हा मुलूख. एके काळी हा सारा भीमथडीचा प्रदेश चिवट, काटक घोड्यांसाठी नावाजलेला होता. थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला गाठणारे तट्टू इथे निपजावे, यात नवल नाही. इथली खिलार जनावरेही त्याच घडणीची : ओढकामाला तिखट, पायाला चपळ, दुधाला मात्र बेताची.

या जनावरांचे अन्न म्हणजे शाळूचा कडबा. दक्षिणेच्या पठारावर रब्बीची ज्वारी हे एकच पीक दोन पोटे भरत असे. कणीस माणसाला, ताट जनावराला. कडब्याची गंज पाहून घरची ऐपत जोखली जाई. यात एक धोका दडलेला होता, तो दुष्काळातच उघडा पडे. ज्वारी बुडाली की धान्य आणि वैरण एकाच दिवशी बुडत. धान्य दूरच्या मुलखातून आणता येते, कारण पोतेभर धान्यात पुष्कळ दिवस भरलेले असतात. कडबा बोजड असतो. तो दूरवर वाहून नेणे कधीच परवडले नाही. म्हणून दुष्काळात माणसाआधी बैल जाई, आणि बैल गेला की पुढच्या वर्षी पाऊस पडूनही नांगर जुंपता येत नसे.

इंग्रजी राजवटीतील महसुलाच्या इतिहासात इंदापूरचे नाव विद्यार्थ्यांना भेटतेच. १८३० च्या आसपास रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताला अनुसरून बसवलेला सारा इथे इतका जड झाला की शेते ओस पडली. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरचीच आकारणी नव्याने केली, ३० वर्षांची हमी दिली, आणि मुंबई इलाख्याच्या रयतवारीची घडी इथून बसली. तीस वर्षे सरली आणि सारा पुन्हा वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव तोवर उतरले होते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, आणि ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ते प्रकरण ग्रंथांत गेले. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्यानंतर दीडच वर्षात, १८७६ साली, पावसाने पाठ फिरवली.

१८७६ ते १८७८ हा दुष्काळ पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाला विशेष कठीण गेला. जनावरे मेली, विकली गेली, चाऱ्याच्या शोधात दूर हाकलली गेली. सरकारने दुष्काळी कामे काढली, त्यांत नीरेच्या कालव्याचे काम होते. वीर येथे नदीवर बंधारा, वर भाटघरला साठवण, आणि डाव्या काठाने पुरंदर, बारामती, इंदापूर असा उतरत जाणारा कालवा. १८८० च्या दशकाच्या मध्यास त्यातून पाणी वाहू लागले. कल्पना अशी की ज्वारीला संरक्षक पाणी मिळेल, धान्य आणि वैरण दोन्ही वाचतील आणि पुन्हा असा काळ येणार नाही.

पण चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीला कालव्याचे पाणी कोण विकत घेणार? शेतकरी आभाळाकडे बघत थांबे आणि कालव्याचे उत्पन्न बुडे. उसाला मात्र बारमाही पाणी लागते आणि त्याचा पैसाही मिळतो. पाणीपट्टी वसूल करू पाहणारे सरकार आणि गूळ विकू पाहणारा बागायतदार यांचे हित उसापाशी जुळले. दुष्काळनिवारणासाठी खोदलेला कालवा अशा रीतीने उसाचा कालवा झाला. पुढे वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंब गावाजवळ साखर कारखाना उभारला आणि त्यातून वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर असे सहकारी कारखाने आले. चाऱ्याच्या दृष्टीने त्याचा एक लाभ झाला. ऊसतोडीच्या हंगामात वाढे मुबलक मिळू लागले.

वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. पोट भरायला चांगला, पण त्यात ऑक्झॅलेटचे प्रमाण अधिक असते. ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यांवर राहिलेली दुभती गाय हळूहळू खंगते. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याची शिफारस त्यामुळेच केली जाते. शिवाय हंगाम संपला की वाढेही संपतात, आणि ते नेमके उन्हाळ्याच्या तोंडावर.

कालव्याने आणखी एक गोष्ट दिली, ती मात्र कोणी मागितली नव्हती. भारी काळ्या जमिनीत निचरा नसताना वर्षानुवर्षे पाणी दिले की भूजल वर चढते आणि आपल्याबरोबर क्षार आणते. नीरेच्या खोऱ्यात हे इतक्या झपाट्याने घडले की कालवा सुरू होऊन पुरती पंचवीस-तीस वर्षेही झाली नव्हती तोच, १९१० साली, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी ताम्हाणे या सहकाऱ्यासह ‘नीरा खोऱ्यातील क्षारजमिनी’ या विषयावर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. हे तेच मान, ज्यांनी पुढे पिंपळे सौदागरचा अभ्यास करून भारतीय खेड्याच्या आर्थिक पाहणीचा पायंडा पाडला. ज्या रानात ऊस डोलत होता, तिथे पांढरी खपली दिसू लागली. चोपण, खारवट, उपळट असे शब्द या भागातील शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आले. या पांढऱ्या खपलीचा संबंध बिटाशी आहे, आणि तो पुढे येईल.

१९७२ च्या दुष्काळापर्यंत इथला गोठा फारसा बदललेला नव्हता. बदल सुरू झाला तो पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळीकांचनमधून. गांधीजींच्या निसर्गोपचार आश्रमाची जबाबदारी सांभाळणारे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये तिथे ‘बाएफ’ ही संस्था स्थापली. गावठी गाईंना होल्स्टीन आणि जर्सी वळूंच्या गोठवलेल्या रेताने फळवायचे आणि संकरित कालवडी शेतकऱ्याच्या दारात तयार करायच्या, हे तिचे मोठे काम ठरले. बारामतीत याच सुमारास, १९७१ मध्ये, अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. पाझर तलावांपासून सुरू झालेले त्याचे काम शेती आणि पशुपालनाच्या अनेक अंगांत पसरले आणि १९९२ पासून तिथे कृषी विज्ञान केंद्रही आहे. दूध संघ झाले, गावोगाव संकलन केंद्रे आली, १९९० च्या दशकात बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत डायनॅमिक्सचा मोठा दुग्धप्रकल्प आला, इंदापुरात ‘सोनाई’ वाढली. जिरायत माळावरच्या घरात, जिथे उसाचे बिल कधी आलेच नव्हते, तिथे दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येऊ लागला. या भागात दुधाच्या पैशाला ‘पगार’च म्हणतात, आणि तो शब्द अचूक आहे.

अडचण एवढीच की गाय बदलली, पण माळ तोच राहिला.

खिलार गाय कडब्यावर जगत असे, कारण तिच्याकडून दुधाची अपेक्षाच बेताची होती. दिवसाला पंधरा लिटर देणाऱ्या संकरित गाईचे गणित निराळे असते. दूध म्हणजे बाहेर काढलेली ऊर्जा. त्यातील साखर, स्निग्धांश, प्रथिने हे सारे गाईला रोजच्या खाण्यातून घडवावे लागते. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत दूध झपाट्याने चढते आणि भूक मात्र मागे राहते. या काळात खाद्यातून ऊर्जा कमी पडली की गाय स्वतःच्या अंगातील चरबी जाळते, हाडे दिसू लागतात, ती वेळेवर माजावर येत नाही, गाभण राहत नाही आणि एक भाकड वर्ष शेतकऱ्याच्या अंगावर पडते. कडब्याने पोट भरते, पण त्यातील ऊर्जा सावकाश सुटते आणि थोडीच सुटते. म्हणून मग आंबोण हवे : मक्याचा भरडा, सरकी पेंड, गोळी पेंड, गव्हाचा भुसा. यांतील बहुतेक गोष्टी विकत घ्याव्या लागतात. दुधाचा दर पडतो तेव्हा पेंडीचा दर त्याच्याबरोबर पडतोच असे नाही. या दोहोंमधल्या फटीत अनेक गोठे बंद झाले आहेत.

आता बिटाकडे.

‘टंचाईचे मूळ’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कंदाच्या भाऊबंदांतच साखर होती. बर्लिनमधील रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्ग्राफ यांनी १७४७ मध्ये दाखवून दिले की बिटातून निघणारी साखर उसाच्या साखरेहून भिन्न नाही. त्यांचे शिष्य फ्रान्झ कार्ल आखार्ड यांनी प्रशियाच्या राजाच्या मदतीने सायलेशियातील कुनेर्न येथे १८०१ च्या सुमारास बिटापासून साखर करणारा पहिला कारखाना उभा केला. त्यासाठी त्यांनी निवडलेले पांढरे बीट हे गुरांच्या चाराबिटांतूनच वेचलेले होते. मग नेपोलियनचे युद्ध आले. इंग्लंडच्या आरमाराने वेस्ट इंडीजची ऊससाखर अडवली आणि १८११ मध्ये नेपोलियनने ३२,००० हेक्टर बीट लावण्याचा हुकूम काढला. पुढच्या शतकभर निवड होत होत, विशेषतः फ्रान्समधील विल्मोरिन घराण्याच्या हातून, सुमारे सहा टक्के साखरेचा कंद पंधरा टक्क्यांच्या पलीकडे गेला. म्हणजे युरोपात हा कंद दावणीतून कारखान्यात गेला. तिथेही त्याने दावण पुरती सोडली नाही, कारण रस काढून उरलेला चोथा आणि कापलेला पाला पुन्हा गाईंकडेच येत राहिला.

भारतात शर्कराकंद नवा नव्हता. राजस्थानातील श्रीगंगानगरच्या कारखान्यात १९७० च्या दशकात बिटापासून साखर काढली गेली होती. पण ते थंड हवामानाचे, उत्तरेच्या हिवाळ्यात येणारे पीक. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सिंजेंटा या कंपनीने उष्ण कटिबंधात तग धरणारे वाण पुढे आणले, तेव्हा महाराष्ट्राला त्यात रस वाटणे स्वाभाविक होते. ऊस बारा ते अठरा महिने रान अडवतो. हे पीक पाच-सहा महिन्यांत निघते आणि पाणी पुष्कळ कमी घेते. शिवाय बिटाचा मूळ पूर्वज युरोपच्या समुद्रकिनाऱ्यावरील खाऱ्या मातीत वाढणारे रानबीट आहे. खाऱ्या जमिनीचे त्याला वावडे नाही. उसाने खारवलेल्या नीरेकाठच्या रानात उसाचाच प्रतिस्पर्धी लावता येईल, अशी ही शक्यता होती, आणि तिच्यात एक प्रकारचा काव्यात्म न्याय होता.

इंदापूर तालुक्यातील कळस येथे ‘हरणेश्वर ॲग्रो’ या शेतकऱ्यांच्या कंपनीने या बिटापासून इथेनॉल करण्याचा प्रकल्प हाती घेतला. उष्ण कटिबंधातील शर्कराकंदावरचा तो जगातील अगदी सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक होता आणि २००७-०८ च्या सुमारास त्याची चर्चा देशाबाहेरही झाली. जालना जिल्ह्यातील अंबड परिसरातही असाच प्रयत्न झाला. तरीही बिटाने उसाची जागा घेतली नाही. आज त्या पट्ट्यातून जाणाऱ्याला दोन्ही बाजूंना ऊसच दिसतो.

याचे कारण कोणा एकाच्या चुकीत शोधण्यापेक्षा कंदाच्या आणि कारखान्याच्या स्वभावात शोधावे. कारखान्याला कच्चा माल ठरावीक दिवसांत, ठरावीक अंतरातून, हजारो टनांनी लागतो. ऊस तोडल्यावर काही दिवस तग धरतो आणि त्याच्या तोडणीची, वाहतुकीची, उचलीची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहे. बीट जमिनीतून उपटावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये तडकलेल्या काळ्या रानातून हाताने खणणे हे कष्टाचे आणि खर्चाचे काम. सोबत माती येते, ती धुवावी लागते. युरोपात उपसलेल्या बिटाचे ढीग थंडीमुळे आठवडे टिकतात. इथल्या एप्रिलच्या उन्हात कंद लवकर मऊ पडतो आणि साखर घटते. सरकारी धोरणही तेव्हा अनुकूल नव्हते. देशातील इंधनाचे इथेनॉल त्या काळी मुख्यतः मळीपासूनच होत असे. शर्कराकंद, गोड ज्वारी, कसावा यांना कच्चा माल म्हणून राष्ट्रीय जैवइंधन धोरणात स्पष्ट स्थान मिळाले ते २०१८ मध्ये. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की ज्या पिकाचा एकच गिऱ्हाईक असतो, त्या पिकाचा शेतकरी त्या गिऱ्हाइकाच्या हातात असतो. गिऱ्हाइकाचे दार बंद झाले तर बिटाचा गूळ करता येत नाही.

गाय हे त्यामानाने सोयीचे गिऱ्हाईक आहे. तिला हजार टन नकोत, रोज आठ-दहा किलो पुरेत. तिच्यासाठी सारे रान एकाच दिवशी उपसावे लागत नाही. लागेल तेवढे खणावे, बाकीचे जमिनीतच राहू द्यावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला कंद मार्च ते मे या काळात, म्हणजे वाढे संपल्यावर आणि पावसाआधी, हाताशी येतो. कारखान्याच्या दृष्टीने जो दोष होता, की कंद साठवता येत नाही, तो गोठ्यापाशी येऊन बराचसा विरघळतो, कारण साठवण जमिनीच्याच पोटात असते. अलीकडच्या वर्षांत बारामती आणि इंदापूर भागात शर्कराकंद दुभत्या गाईंचे ऊर्जाखाद्य म्हणून वापरून पाहिला गेला, त्यामागचा हिशेब हा आहे.

हिशेब आकड्यांतही मांडता येतो. शर्कराकंदात साधारण तीन-चतुर्थांश पाणी असते. उरलेल्या कोरड्या भागात निम्म्याहून बरीच अधिक साखर असते. दहा किलो कंदातून सुमारे सव्वादोन किलो कोरडा अंश गाईला मिळतो आणि त्याची ऊर्जा जवळपास तितक्याच किंवा किंचित अधिक मक्याच्या भरड्याइतकी भरते. भारतातील चाचण्यांत हेक्टरी ६० ते ८० टन कंद निघाल्याचे दिसते. बांधापलीकडच्या दहा गुंठ्यांत दोन-तीन गाईंचा उन्हाळा निघू शकतो, तोही पेंडीच्या दुकानात उधारी न वाढवता. उन्हाळ्यात गाईची भूक मंदावते तेव्हा गोड, रसाळ कंद ती आवडीने खाते, हा आणखी एक लाभ.

पण इथे युरोपच्या अनुभवाचा उपयोग होतो, आणि तो इशाऱ्याच्या रूपात. गाईच्या कोटीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. कडब्यातील तंतू ते सावकाश पचवतात, तर बिटातील साखर त्यांना काही तासांतच पेटवते. आम्ल एकदम वाढते, रवंथ थांबते, गाय बसते. फार झाले तर मरते. यालाच ॲसिडोसिस म्हणतात. न्यूझीलंडमध्ये २०१० च्या दशकात चाराबीट झपाट्याने पसरले, तेव्हा पुरेशी सवय न लावता शेतात सोडलेल्या गाई अशाच दगावल्या. म्हणून किलो-दोन किलोंपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवणे, धुऊन बारीक तुकडे करणे, कारण अख्खा कंद घशात अडकतो, आणि कडब्याची कुट्टी कधीही न तोडणे, हे नियम मोडता येत नाहीत. पाल्यातही ऑक्झॅलेट असते. तो सुकवून, थोडाच द्यावा लागतो. कंदात प्रथिने नाममात्र असल्याने सरकी पेंड पूर्णपणे सुटत नाही. सुटतो तो भरडा. शेकडो वर्षे बीट चारणाऱ्या युरोपीय शेतकऱ्याला हे अंगवळणी पडले होते. इंदापूरच्या शेतकऱ्याला ते एका हंगामात शिकावे लागते, आणि शिकताना पणाला लागलेली गाय बहुधा कर्जावर घेतलेली असते.

मग बीटच का, इतर कंद का नाहीत? रताळे आहे, त्याचे वेल जनावरे आवडीने खातात. परंतु आषाढी-कार्तिकी आणि महाशिवरात्रीला माणूस ज्या कंदाला चढा भाव देतो, तो गाईच्या वाट्याला येत नाही. आला तर किडका-तुटका येतो. कसाव्याची कथा अधिक रंजक आहे. उपवासाच्या साबुदाण्याचा हा कंद तमिळनाडूच्या सेलम-नामक्कल भागातून येतो, आणि जगाच्या पाठीवर तो उष्ण कटिबंधातील कंदांपैकी पशुखाद्यात सर्वांत मोठ्या प्रमाणावर गेलेला कंद आहे. १९७० च्या दशकात युरोपीय समुदायाने आपल्या धान्याचे भाव चढे ठेवले होते. कसाव्यावर मात्र आयात जकात किरकोळ होती. ही फट पाहून नेदरलँड्सच्या खाद्य कारखान्यांनी थायलंडचा वाळवलेला कसावा जहाजे भरभरून आणला. रॉटरडॅमला उतरलेल्या त्या कंदावर युरोपातील डुकरे आणि गाई पोसल्या गेल्या, थायलंडच्या ईशान्य भागातील जंगले कसाव्यासाठी तुटली, आणि १९८२ मध्ये वर्षाला सुमारे ५० लाख टनांची मर्यादा घालणारा करार करावा लागला. नीरा खोऱ्यात मात्र कसावा जमला नसता. त्याला आठ-दहा महिने रान द्यावे लागते, चोपण काळी जमीन मानवत नाही, आणि त्यातील सायनाइडजनक द्रव्ये घालवण्यासाठी कापून वाळवण्याची खटपट करावी लागते.

बिटाचा खरा प्रतिस्पर्धी कसावा नाही, मुरघास आहे. तीन महिन्यांत येणारा मका चिकात असताना कापायचा, कुट्टी करून खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून हवाबंद करायचा, आणि वर्षभर वापरायचा. बारामती-इंदापूरच्या गोठ्यांत मुरघासाने गेल्या दोन दशकांत जी जागा मिळवली, ती बिटाने मिळवलेली नाही. मक्याला यंत्र मिळते, ठेकेदार मिळतो, बी कोणत्याही दुकानात मिळते. बीट उपसायला बहुधा घरातील बाया-माणसेच लागतात. ज्याच्याकडे गोड पाणी आणि निचऱ्याची जमीन आहे, तो मकाच करणार, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. बिटाची बाजू बळकट होते ती शेवटच्या चारीवर, जिथे पाणी एखाद्या पाळीचेच येते, किंवा मान आणि ताम्हाणे यांनी शतकापूर्वी नोंदवलेल्या त्या पांढऱ्या रानात, जिथे मका पिवळा पडतो.

तिथेही एक प्रश्न उरतो, बियाण्याचा. बीट हे दोन वर्षांचे झाड आहे. पहिल्या वर्षी ते कंदात साखर साठवते. मग कडक थंडीचे काही आठवडे गेले की दुसऱ्या वर्षी त्याला तुरा येतो, फूल येते, बी धरते. थंडी मिळाली नाही तर फूल नाही. भारतात बी तयार करायचे म्हणून कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरच्या उंचीवर, संशोधकांना जावे लागले. बाजारातील उत्तम वाणांचे बी युरोपातील मोजक्या कंपन्यांकडून येते. ज्या तालुक्यात शेतकरी शाळूचे बी घरच्या कणसातून राखत आला, तिथे या कंदाचे बी दर हंगामाला समुद्रापलीकडून आणावे लागते. म्हणून एप्रिलच्या उन्हात, शेजारचे सारे रान उलून पडलेले असताना, बिटाचा तुकडा तेवढा हिरवागार, रुंद पानांचा दिसतो. घरातील कोणीतरी सकाळी पाटीभर कंद खणून आणते, हौदावर धुते, विळीवर चिरते आणि कुट्टीत मिसळते. उरलेली झाडे पुढच्या सकाळची वाट पाहत उभी असतात, आणि त्यांना फूल येत नाही.